दिवसभर हात पाण्यात, तरी कातडी कोरडी का पडते?

खानावळ_म्हापसा
आमच्याकडे दोघीजणी सकाळी सुंगटं (कोळंबी) सोलतात, मासळी साफ करतात आणि दुपारनंतर भांडी घासतात. दोघींच्याही हातांना भेगा पडल्यात, बोटांच्या बेचक्यांत लाल झालंय. सहा-सात तास हात पाण्यात, वर पावसाळ्याची दमट हवा, मग कोरडेपणा येतो कुठून? रबरी हातमोजे आणून दिले, तर आत हात पांढरेफटक होऊन सोलवटतात. नेमकं काय करावं?

त्वचा_ओपीडी
पाण्यामुळेच येतो. कातडीच्या सगळ्यात वर मेलेल्या, चपट्या पेशींचा थर असतो, स्ट्रॅटम कॉर्नियम. अंगावर बहुतेक ठिकाणी तो जेमतेम ०.०२ मिमी जाड असतो, तळहातावर बराच जास्त. या पेशी केरॅटिन या प्रथिनाने भरलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं या स्निग्ध पदार्थांचे पापुद्रे बसलेले असतात. अंगातलं पाणी बाहेर उडून जाऊ न देणं आणि बाहेरचं आत शिरू न देणं, ही दोन्ही कामं हेच करतात. शिवाय पेशींच्या आत अमिनो आम्लं, युरिया असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात.

हात तासन्‌तास भिजले की पेशी फुगतात, स्निग्ध पापुद्र्यांची घडी विस्कटते आणि आतले पाणी धरणारे पदार्थ विरघळून जातात. साबण उरलेली चरबी ओढून नेतो. मग हात पुसल्यावर आतलं पाणी आधीपेक्षा भराभर उडतं. पेशींतलं पाणी कमी झालं की थर ताठ होतो आणि बोट वाकवलं की तडकतो. तळहाताला तेलग्रंथी नसतात, त्यामुळे वरून तेलही मिळत नाही.

दुसरं, सामू, म्हणजे पीएच (pH): ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. निरोगी कातडीचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, सामू ५ च्या आसपास. साबणाच्या वडीचा ९-१०, ब्लीचचा तर ११ च्याही पुढे. नवी चरबी तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) आम्लधर्मी वातावरण लागतं; सामू चढला की दुरुस्ती रेंगाळते आणि पेशींमधले जोड मात्र लवकर सुटतात. सालपटं निघतात ती त्यामुळे.

किचन_हायजीन
हातमोजे बंद करू नका, वापरायची पद्धत बदला. आत पातळ सुती मोजा, वर नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा). सुती मोजा घामाने ओला झाला की लगेच बदलायचा, म्हणजे माणशी चार-पाच जोड्या हव्यात. सलग वीस-तीस मिनिटांवर मोजे चढवून ठेवू नयेत. सुंगटाचा काटा लागून भोक पडलं असेल तर तो मोजा फेकून द्या; मासळीचं पाणी आत कोंडून राहिलं तर उघड्या हातापेक्षा वाईट.

अंगठ्या कामाच्या वेळी काढायला लावा. साबण त्यांच्याखाली साचतो आणि खाज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. एकीलाच सोलणं आणि भांडी दोन्ही देऊ नका, मधे कोरडं काम घाला. गरम पाणी नको, कोमट पुरे.

खानावळ_म्हापसा
खोबरेल चालेल का? आणि वास जायला त्या हातांना लिंबू चोळतात.

त्वचा_ओपीडी
रात्री खोबरेल चांगलंच. कामाआधी नको, सुरी निसटते. आणि मोजे लॅटेक्सचे असतील तर तेलाने रबर सैल पडून फाटतं. भेगांवर पेट्रोलियम जेली जास्त टिकते: हात धुऊन टिपून घ्यायचे, थोडी ओल असतानाच लावायची आणि वर सुती मोजे घालून झोपायचं. तळव्याची कातडी जाड झाली असेल तर दहा टक्के युरियाचं क्रीम, पण उघड्या भेगेवर ते झोंबतं.

लिंबू आजच थांबवा. आम्ल भेगांत झोंबतं हे एक. त्याहून वाईट म्हणजे सालीतल्या आणि रसातल्या फ्युरोकुमरिन नावाच्या रसायनांवर ऊन पडलं की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि तपकिरी डाग कित्येक आठवडे राहतात. लिंबू पिळून अंगणात मासळी वाळत घालायला गेलं की झालंच! वासासाठी सौम्य, कमी सामूचं लिक्विड वापरा.

वरवर बरं दिसलं तरी महिनाभर हे सोडू नका. तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात.

किचन_हायजीन
एक राहिलं. नखाच्या कडेला सूज येऊन नखाची त्वचा सुटली असेल तर ते नखुरडं. सतत ओल्या हातांत तिथे बुरशी शिरते, मलम बदलून भागत नाही. सोलताना हातावर पाच-दहा मिनिटांत गांध्या उठत असतील, तर ती सुंगटाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. अशा बाईला ते काम देऊच नका आणि गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात दाखवा. काटा रुतल्यावर हात झपाट्याने सुजून लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद लावून वाट पाहायची नाही.