शाकाहारी, निरामिष, की आणखी काही?

प्रश्न

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे आणि मांस खात नाही. शिबिराचा अर्ज असो की कुणाकडचं जेवण, आहार विचारला की मी 'शाकाहारी' असं सांगते आणि तिथूनच घोळ सुरू होतो. लोक आपुलकीने तिच्या ताटात भाज्या वाढतात. भाज्या तर ती मांसाइतक्याच टाळते. तिचं खाणं म्हणजे दूध, ब्रेड, उकडलेला बटाटा आणि एक ठरावीक बिस्किट. पुडा बदलला तर तेही नाही.

दुसरा घोळ अर्थाचा. 'शाकाहारी' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला प्राण्यांची दया येते म्हणून ही खात नाही. दया तिला येतेच, पण दया म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधीपासून ती मांसाचा घास थुंकून टाकत आली आहे. उलट ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरला जाणारा 'स्वमग्न' हा शब्द कानावर पडलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "अशा मुलांना दुसऱ्याच्या दुःखाचं काय कळणार?" म्हणजे एका शब्दाने तिला नसलेलं कारण चिकटतं आणि दुसऱ्याने असलेली माया नाकारली जाते. 'खाण्याचे नखरे' हे तर मला मुळीच नको. मग योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद

आधी व्युत्पत्ती पाहू. 'शाक' म्हणजे भाजी, पाला. 'शाकाहारी' हा शब्द माणूस काय खातो ते सांगतो. 'निरामिष' उलट्या बाजूने येतो: आमिष म्हणजे मांस, ते ज्यात नाही ते निरामिष. मराठीत 'आमिष' आता प्रलोभन या अर्थानेच उरलंय, गळाला लावलेल्या मांसाच्या तुकड्यावरून. पण 'सामिष' आणि 'निरामिष' या जोडीत मूळ अर्थ टिकून आहे. ताटात मांस नाही, एवढंच 'निरामिष' सांगतो. का नाही आणि त्याऐवजी काय आहे, याबद्दल तो गप्प राहतो. तुमच्या मुलीच्या जेवणाला हा गप्प शब्द जास्त शोभतो.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांनी तुमचा प्रश्न सुटणार नाही. 'व्हेजिटेरियन' रुळला तो १८४७ साली इंग्लंडमध्ये त्या नावाची संस्था निघाल्यावर. 'व्हीगन' (दूध-अंड्यांसह प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारा) हा शब्द १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हेजिटेरियन'ची सुरुवात आणि शेवट जोडून बनवला. दोन्ही शब्द ज्यांनी काही ठरवलं होतं अशा लोकांचे आहेत, त्यांत निश्चयाचा भाव मुरलेला आहे. तुमच्या मुलीने काही ठरवलेलं नाही. तिच्या जिभेने आणि नाकाने ठरवलं आहे.

प्रतिसाद

मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि मांस खात नाही. माझ्याकडे कारणं दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या वयात आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं कारण तोंडातलं. मांसाचा एक घास दुसऱ्यासारखा नसतो. एकात तंतू, दुसऱ्यात चरबीचा गुळगुळीत थर, तिसऱ्यात शीर किंवा कूर्चा, मध्येच हाडाची कच. पुढच्या चावण्याला दाताखाली काय येईल याचा अंदाजच नाही. ज्याला हा फरक बारीकसा जाणवतो तो चावून गिळतो. मला तो इतका मोठा जाणवतो की घशाचं दार आपोआप बंद होतं. शिवाय वास. शिजतानाचा वेगळा, गार झाल्यावरचा वेगळा, आणि तो खोलीतून लवकर जात नाही.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: शिसारी. 'नावड' नाही, कारण नावडतं माणूस भुकेला खाऊ शकतो. 'वीट' नाही, वीट अतिरेकाने येतो. 'किळस' जवळचा आहे, पण किळस नुसत्या विचारानेही येते. 'शिसारी' अंगातून येते, काटा आणते, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा सल्ला नावडीवर चालेल. शिसारीवर तो चालवला तर मूल उपाशी राहतं. 'जिभेचे चोचले' हा वाक्प्रचार तर या बाबतीत सरळ खोटा आहे. चोचले म्हणजे जास्तीची मौज, आणि इथे माणूस चारच पदार्थांवर दिवस काढत असतो.

हे काही नवं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लिहिलेल्या निबंधात लहानपणच्या खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. तरी इंद्रियांची ही तीव्रता ऑटिझमच्या अधिकृत अमेरिकी निकषांत, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या 'डीएसएम' या पुस्तिकेत, यायला २०१३ साल उजाडलं. त्याच आवृत्तीत वजनाच्या किंवा दिसण्याच्या चिंतेशी संबंध नसलेल्या, पोषणावर परिणाम होईल इतक्या टोकाच्या अन्नटाळणीला स्वतंत्र निदान मिळालं; त्याचं इंग्रजी लघुरूप 'आरफिड'. 'अन्नटाळणी' हा शब्द मी वापरतो. त्यात दोषारोप नाही.

दुसरं कारण नंतरचं. 'चिकन' आणि 'कोंबडी' हे दोन शब्द माझ्या डोक्यात बरीच वर्षं वेगळे होते. चिकन ताटात, कोंबडी अंगणात. ज्या दिवशी ते एकाच वस्तूचे आहेत हे नीट उमगलं, त्या दिवसापासून मला ते पुन्हा वेगळे करता आले नाहीत. बहुतेक माणसं करू शकतात. प्राण्यांवर जीव असतो आणि मांसही आवडतं, आणि दोन्ही एका घरात सुखाने नांदतात. मानसशास्त्रात २०१० पासून याला 'मांस-विरोधाभास' अशा अर्थाचं नाव आहे. माझ्याकडे ते नांदत नाहीत. म्हणून आज मी दोन्ही अर्थांनी मांस सोडलेला आहे: शिसारीने निरामिष आणि विचाराने शाकाहारी.

आणि एक विनंती. उलट्या टोकाच्या माणसांना विसरू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांचं खात्रीचं खाणं म्हणजे नगेट्ससारखं कारखान्यातलं मांस असतं, कारण तो तुकडा दर वेळी त्याच आकाराचा, त्याच चवीचा निघतो. आणि फळभाजीचा भरवसा नसतो, आज गोड, उद्या पिठूळ. यांतल्या काहींना प्राण्यांबद्दल इतकं तीव्र वाटतं की मांस खाताना जीव तुटतो, पण शरीर दुसरं काही आत घेत नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. त्यांना 'ढोंगी' म्हटलेलं मी ऐकलं आहे. त्या माणसाला रोज काय सोसावं लागतं हे कळलं असतं तर तो शब्द तोंडातून निघाला नसता.

प्रतिसाद

वर किळस आणि शिसारी यांची चर्चा झाली, तर 'घृणा' घ्यायलाच हवा. मराठीत घृणा म्हणजे तिरस्कारयुक्त किळस. संस्कृतात मात्र या शब्दाचे दोन अर्थ आहेत: तिटकारा, आणि दया. दयेचा अर्थ मराठीने पुसलेला नाही, तो 'निर्घृण'मध्ये जपलाय. 'निर्घृण हत्या' म्हणताना आपण 'किळस न येता केलेली' असं म्हणत नाही, 'दया न येता केलेली' असं म्हणतो.

प्रश्नकर्तीने शिसारी आणि दया ही दोन कारणं वेगळी करायला सांगितली आणि ती वेगळी करायलाच हवीत. पण शब्दाच्या पोटात ती एकत्र राहिलेली आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑटिस्टिक मित्रांशी बोलताना मी हेच ऐकलं आहे: आधी अंगाने नाकारलं, मग मनाने त्याला अर्थ दिला. क्वचित उलटंही, म्हणजे प्राणी मारलेला पाहिला आणि त्यानंतर मांसाचा वासच सहन होईना. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे त्या माणसालाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. आपल्याच भावना ओळखून त्यांना नाव देणं अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना जड जातं. त्यामुळे 'नक्की कारण सांग' असा तगादा लावू नये.

प्रतिसाद

घृणेची फोड आवडली, पण एक सावधगिरी. यातून 'ऑटिस्टिक माणसं जात्याच दयाळू आणि म्हणून शाकाहारी' असं नवं लेबल तयार होऊ नये. हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग व्हीगन आहे, बीबीसीवरचे निसर्ग-निवेदक क्रिस पॅकहॅमही. दोघंही आपल्या ऑटिझमबद्दल उघडपणे बोलतात. पण टेंपल ग्रँडिनही ऑटिस्टिक आहेत. कोलोराडो राज्य विद्यापीठात प्राणिविज्ञानाच्या प्राध्यापक, जन्म १९४७. त्या मांस खातात, आणि त्यांनी आयुष्य घालवलं ते कत्तलखान्यांची रचना सुधारण्यात. जनावरं ज्या वाटेने जातात त्या वाटेने स्वतः चालून त्यांनी पाहिलं की लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, ओल्या फरशीवरची चकाकी अशा गोष्टींनी गुरं बिथरतात. ती कारणं काढून टाकायला लावली, वाटा वळणदार केल्या. त्यांचं म्हणणं, मांसासाठी प्राणी वाढवायचे तर त्यांना भीती आणि वेदना होऊ न देणं हे आपलं कर्तव्य. या बाईंना 'निर्घृण' कोण म्हणेल? आणि 'शाकाहारी' तर त्या नाहीतच. बारकावा टिपणारी नजर तीच, निष्कर्ष वेगळा.

'स्वमग्न'बद्दल. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी १९११ च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' यावरून 'ऑटिझम' हा मूळ शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. मराठीने तो 'स्व' इमानाने उचलला आणि त्याला 'मग्न' जोडला. 'मग्न'ने नुकसान केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस आपल्यातच बुडालेला, बाहेरचं याला दिसत नाही. प्रत्यक्षात अनेकांना बाहेरचं इतकं दिसतं, ऐकू येतं की त्याचाच त्रास होतो. वस्तूंनाही भावना असल्यासारखं वाटणं ऑटिस्टिक प्रौढांमध्ये जास्त आढळतं, असं ब्रिटिश संशोधकांच्या एका पाहणीत दिसलं आहे. ज्याला एकट्या पडलेल्या पेन्सिलीचं वाईट वाटतं त्याला कोकराचं वाटणार नाही?

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडलं की समानुभूतीचा तुटवडा एकतर्फी नसतो. दोन वेगळ्या घडणीची माणसं एकमेकांना नीट वाचू शकत नाहीत, आणि खापर मात्र एकावरच फुटतं. म्हणून मी 'ऑटिस्टिक' हाच शब्द वापरते. तो मराठीत आला आहे, राहू द्यावा.

प्रतिसाद

मला 'तत्त्वनिष्ठ' आणि 'हेकेखोर' या शब्दांवर बोलायचं आहे. कुणी प्राण्यांसाठी मांस सोडलं आणि वीस वर्षं पाळलं तर आपण 'तत्त्वनिष्ठ' म्हणतो. तेच ऑटिस्टिक मुलाने केलं, रश्शातला तुकडा बाजूला काढून दिलेला रस्साही नाकारला, तर 'हेकेखोर' म्हणतो. कृती एकच, फक्त करणारा बदलला.

हे शास्त्रज्ञांच्या भाषेतही घडतं. 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये २०२१ साली एक प्रयोग छापून आला. स्वतःला पैसे मिळतील पण त्याबरोबर एका वाईट कामालाही पैसे जातील, असा पर्याय दिला होता. ऑटिस्टिक सहभागींनी कुणी पाहत असो वा नसो, असा लाभ नाकारण्याकडे कल दाखवला. इतर सहभागी एकांतात जास्त सैल होते. आणि लेखकांनी याचं वर्णन कसं केलं? ऑटिस्टिक व्यक्ती नैतिक नियम पाळताना लवचीक नसतात, गैरमार्गाच्या लाभाची त्यांना अवाजवी चिंता असते! कुणी पाहत नसताना प्रामाणिक राहणं ही उणीव कशी ठरली? या शब्दयोजनेवर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती.

तेव्हा घरात कुणी विचारपूर्वक मांस सोडत असेल तर त्याला आधी 'निश्चय' म्हणून पाहा. निदान नंतर आठवलं तरी चालेल.

प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ आहे, शब्दांपेक्षा ताटाबद्दल लिहिते. मुलीच्या बाबतीत 'शाकाहारी' हा शब्द वैद्यकीय दृष्टीनेही दिशाभूल करतो, कारण डॉक्टर गृहीत धरतात की कडधान्यं, पालेभाज्या, फळं पोटात जात आहेत. ती जात नाहीत. दूध आहे, म्हणून बी-१२ आणि प्रथिनांची थोडी सोय होते. पण दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम लोह शोषायला अडथळा करतं. वनस्पतिजन्य लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्याला 'क' जीवनसत्त्वाची जोड लागते. फळभाजी जवळजवळ बंद असलेल्या ऑटिस्टिक मुलांना स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पाय दुखतात, चालणं थांबतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि कारण ध्यानात यायला उशीर होतो. डॉक्टरांसमोर एका शब्दात सांगू नका, पदार्थांची यादी द्या आणि रक्ततपासणी करून घ्या. नवा पदार्थ आणायचा तर खात्रीच्या पदार्थात लपवू नका. लपवलेलं सापडलं की तो पदार्थही यादीतून जातो.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. 'निरामिष', 'शिसारी' आणि 'अन्नटाळणी' हे तिन्ही मी मुलीला वाचून दाखवले. 'शिसारी' तिने लगेच घेतला, 'हाच' म्हणाली. 'निरामिष' तिला परीक्षेतल्या शब्दासारखा वाटला. अर्जावर आता मी 'मांस, मासे, अंडी, भाज्या नकोत. सोबत दिलेली यादी पाहावी' असं लिहिणार आहे. आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलेली तपासणी या आठवड्यात करून घेते.

एक शब्द अजून हवा आहे. इंग्रजीत ज्याला 'सेफ फूड' म्हणतात त्याला 'सुरक्षित अन्न' म्हटलं की लोकांना भेसळ-तपासणी आठवते. वर दोघांनी 'खात्रीचं' म्हटलं आहे. माझ्या तोंडी 'भरवशाचं खाणं' येतं. तुमच्या घरात काय म्हणता, ते लिहा.