‘पूर्वीचं इंग्लंड राहिलं नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना कुणी उलट प्रश्न विचारणार की नाही?

वूस्टरकर:
काल इथे लेम्स्टरच्या सरोजताईंनी त्यांच्या शेजारच्या ८३ वर्षांच्या आजोबांवर पोस्ट टाकली होती. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: आजोबा जन्मभर हेरफर्डशायरमधल्या त्याच एका गावात, आधी दुसऱ्याच्या फार्मवर मजूर, मग स्वतःची थोडी मेंढरं. म्हणणं असं की पूर्वी दाराला कुलूप नसायचं, पब होता, पोस्ट होतं, रोज बस होती, एप्रिलमध्ये कुकू पक्षी ओरडायचा. आता लंडनवाले कॉटेज घेऊन ठेवतात, शनिवार-रविवार उगवतात आणि कोंबडा आरवला तर कौन्सिलकडे तक्रार करतात. शेवटी "आमचा देश आम्हालाच ओळखू येईना". खाली हात जोडलेले इमोजी ढीगभर, "किती खरं", "डोळे पाणावले".

माझे नाही पाणावले. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

अहो, कुठला सुवर्णकाळ? आजोबा जन्मले भर युद्धात. रेशनिंग संपलं १९५४ ला, म्हणजे अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत मटण कुपनावर. फार्मवरच्या मजुराला राहायला घर मिळायचं ते मालकाचं, टाइड कॉटेज म्हणायचे त्याला. नोकरी गेली की घर गेलं, बायकापोरांसकट सामान रस्त्यावर. त्याला कायद्याचं नीट संरक्षण मिळालं १९७६ मध्ये, तोवर आजोबा तिशी ओलांडून गेले होते. दाराला कुलूप नव्हतं म्हणे, अहो दारच मालकाचं होतं!

आणि पाखरं गेली म्हणून रडायचं असेल तर हेजेस, म्हणजे शेतांच्या बांधावरची झुडपांची कुंपणं, कोणी उपटल्या तेही सांगा ना. मोठ्या मशीनला मोठी शेतं हवी होती, सरकार उपटायला अनुदान देत होतं आणि त्याच पिढीने मैलच्या मैल झाडी आनंदाने काढून टाकली. परवानगीशिवाय काढायची नाही असा नियम यायला १९९७ उजाडलं. एल्मची झाडं गेली ती मात्र रोगाने, त्याचं पाप त्यांच्या माथी मारत नाही.

घराचं तर विचारूच नका. पोस्टमध्येच अभिमानाने लिहिलंय की १९८० च्या कायद्यानंतर कौन्सिलचं भाड्याचं घर स्वस्तात विकत घेतलं. छान केलं, मीही घेतलं असतं. पण त्या ओळीतली बाकीची घरंही तशीच विकली गेली, आणि पुढच्या वेळी जो जास्त पैसे देईल त्याला गेली. लंडनवाला काही आभाळातून पडला नाही, त्याला घर विकणारा गावातलाच होता.

राहता राहिलं "देश ओळखू येईना". सरोजताई, तो ओळखू न येणारा भाग म्हणजे तुम्ही आणि मी, एवढं तरी लक्षात आलं का?

सरोज_लेम्स्टर:
आलं. मला मराठी वाचता येतं आणि इंग्रजीही ऐकू येतं, धन्यवाद.

तुम्ही वूस्टरच्या फ्लॅटमध्ये बसून एका म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी घेताय ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत. आम्ही इथे आलो त्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, ऑइलची टाकी रिकामी, कंपनी म्हणाली पुढच्या आठवड्यात. हा माणूस न सांगता सरपण घेऊन आला, चूल कशी पेटवायची दाखवून गेला. हो, ब्रेक्झिटच्या वेळी लीव्हला, म्हणजे युरोपियन युनियन सोडायला, मत दिलंय त्यांनी, माझ्या तोंडावर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी परसातल्या बीन्सची पिशवी दाराशी. आता याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, माझ्याकडे उत्तर नाही.

आणि तुमच्या यादीत २००१ कसं नाही? फूट अँड माउथच्या, म्हणजे लाळ-खुरकतच्या, साथीत त्यांच्या मेंढरांना रोग नव्हता. शेजारच्या फार्मवर होता, आणि लागून असलेल्या फार्मवरची जनावरंही मारायची पॉलिसी होती. एका सकाळी सगळी मारली. देशभरात साठ लाखांच्या वर जनावरं गेली त्या साली. भरपाई मिळाली पण परत कळप केला नाही त्यांनी. तो माणूस "पूर्वी बरं होतं" म्हणतो तेव्हा त्याच्या पूर्वीमध्ये ते गोठे भरलेले असतात, तुमचे कायदे नसतात.

वूस्टरकर:
२००१ चं ठीक आहे, तिथे मी गप्प. पण सरपण आणून देणारा माणूस चांगला असतो म्हणून त्याचा इतिहास बरोबर ठरत नाही. माझे आजोबापण फार प्रेमळ होते आणि १९७२ च्या दुष्काळाबद्दल काहीही सांगायचे.

इतिहासवाला:
एक भर घालतो. "बाहेरचे आले" हे हेरफर्डशायरने म्हणणं जरा विनोदी आहे. बिअरला लागणारे हॉप्स तोडायला दर सप्टेंबरला ब्लॅक कंट्रीतून, म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून, आणि साउथ वेल्समधून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, पोरंबाळं घेऊन, गोठ्यात-बराकीत राहायची, शिवाय जिप्सी लोक. गावातल्या काही पबांत त्यांना घेतही नसत. युद्धात इटालियन कैदी शेतावर होते. मग मशीन आलं, मग स्ट्रॉबेरीचे पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकचे मांडव, आले, पोलिश, रुमेनियन, बल्गेरियन आले, ब्रेक्झिटनंतर सीझनल व्हिसावर थेट किरगिझस्तानातून माणसं येतायत. शेत तेच, तोडणारे बदलले. गावात परका माणूस नव्हता असं एकही दशक मला दाखवा.

निवृत्त_डॉक्टर_कोथरूड:
मी १९७४ ला गेलो. लिंकनशायरमधल्या खेड्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून राहिलो, कारण इंग्रज डॉक्टरांना तिकडे जायचं नव्हतं, हे उघड गुपित. पहिल्या वर्षी लोक रिसेप्शनवर विचारायचे, "दुसरा डॉक्टर कधी असतो?" दुसरा नव्हताच. दहा वर्षांनी तीच माणसं ख्रिसमसला फेझंट आणून द्यायची, पिसांसकट, माझी बायको शाकाहारी. त्यामुळे वूस्टरकर आणि सरोज दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही अर्धवट बोलतायत.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. ब्रिटिश सरकार म्हाताऱ्यांना कसं वागवतं ते माझ्याकडे बघा. आयुष्यभर पगारातून नॅशनल इन्शुरन्स भरला, ज्यावर स्टेट पेन्शन मिळते, पुण्याला परत आलो आणि ती गोठली. आलो त्या दिवशी जो आकडा होता तोच आजही. अमेरिकेत गेलो असतो तर दरवर्षी वाढली असती, फिलिपिन्सला गेलो असतो तरी वाढली असती, भारतात नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांचीही गोठते, म्हणजे वर्णभेद आहे असंही म्हणता येत नाही, निव्वळ मूर्खपणा आहे. तुमच्या आजोबांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारं विंटर फ्युएल पेमेंट २०२४ ला बंद झालं म्हणून राग आला असेल, पुढच्या वर्षी बहुतेकांचं परत सुरू झालं. आमचं कोण सुरू करणार?

खवचट_काका:
डॉक्टर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर पेन्शन आणता. मागे पुरणपोळीच्या धाग्यावरपण आणली होती.

निवृत्त_डॉक्टर_कोथरूड:
आणणार. गोठलीये तोवर आणणार.

मुक्कामी_गाडी:
मी तासगावकडचा, इंग्लंड पाहिलेलं नाही, पण एक विचारतो. त्या पोस्टमध्ये आजोबा म्हणतात आठवड्यातून दोनदा बस. हे खरं आहे का? एवढा श्रीमंत देश आणि आठवड्यातून दोनदा? आमच्याकडे अजून मुक्कामाची एसटी येते, रात्री गावात थांबते, पहाटे पोरांना आणि भाजीवाल्यांना घेऊन जाते.

सरोज_लेम्स्टर:
खरं आहे दादा. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी जाते, दुपारी परत आणते, मध्ये दवाखान्याची वेळ मिळाली तर नशीब. आजोबांकडे फुकट प्रवासाचा पास आहे, स्टेट पेन्शनचं वय झालं की सगळ्यांनाच मिळतो, पण आठवड्याच्या दिवशी साडेनऊच्या आधी चालत नाही. पास आहे, बस नाही.

वूस्टरकर:
हे बघा, इथे मी पूर्ण आजोबांच्या बाजूने. हे आपोआप नाही झालं, केलं गेलं. थॅचर सरकारने १९८५ चा कायदा आणला, ८६ च्या ऑक्टोबरपासून लंडन सोडून सगळीकडे बस मोकळी सोडली. ज्या रूटवर पैसा तिथे चार कंपन्या एकमेकींच्या पुढे धावणार, जिथे नाही तिथे कौन्सिलने अनुदान द्यायचं, आणि कौन्सिलकडे पैसे संपले की बस संपली. लंडनला मात्र नियंत्रण ठेवलं. का? कारण मंत्री तिथे राहतात.

इतिहासवाला:
सगळं थॅचरबाईंच्या नावावर खपवू नका. खेड्यातली वाहतूक त्याच्या कितीतरी आधी मरायला लागली होती. रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांचा रिपोर्ट १९६३ चा, दोन हजारांवर स्टेशनं बंद करा म्हणाला, ६४ ला लेबर पक्षाचं सरकार आलं ते "थांबवू" म्हणून आणि बंद करतच राहिलं. आणि बीचिंगलाही फुकट शिव्या, लेम्स्टर-किंग्टन लाइनवरची प्रवासी गाडी १९५५ ला बंद झाली, लेम्स्टर-ब्रॉमयार्डची ५२ ला. कारण लोकांनी मोटारी घेतल्या. तुमच्या आजोबांनीपण घेतली असणार.

सरोज_लेम्स्टर:
घेतली होती. आता मोतीबिंदू आणि मॅक्युलर (डोळ्याच्या पडद्याचा आजार) दोन्ही आहे, लायसन्स परत केलं. मग काय करायचं त्यांनी, १९५५ ला जाऊन तिकीट काढायचं?

ब्रॅडफर्डची_सून:
हाहा. पण मुक्कामी_गाडी, एसटीचं फार कौतुक नको. ७५ च्या वर फुकट, बायकांना अर्धं तिकीट, सगळं मान्य, माझी आई फिरते त्यावर. पण २०२१-२२ च्या संपात पाच-सहा महिने गाड्या नव्हत्या तेव्हा आमच्या गावच्या मुली कॉलेजला कशा गेल्या विचार. काही गेल्याच नाहीत, त्यातल्या एका माझ्या चुलतबहिणीचं लग्न लावून टाकलं.

मुक्कामी_गाडी:
ताई संपाबद्दल कंडक्टरच्या पोराला शिकवू नका. वडिलांचा पगार किती होता माहितीये का तुम्हाला? वेळेवर तरी होत होता का? माणसं आत्महत्या करत होती. तुमच्या बहिणीचं वाईट वाटतं पण तिचं लग्न माझ्या बापाने लावलं नाही.

ब्रॅडफर्डची_सून:
मी तुझ्या वडिलांबद्दल एक शब्द बोलले नाहीये. सरकारी असली की बस टिकते असं नाही, एवढंच म्हणणं.

मुक्कामी_गाडी:
आणि खाजगी केली की मंगळवार-शुक्रवार. बोला.

वूस्टरकर:
टाळ्या! मँचेस्टरला विचारा, त्यांनी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बस परत ताब्यात घेतल्या, २०२५ च्या जानेवारीत काम पूर्ण. जमतं. पण तिथे गर्दी आहे, हेरफर्डशायरमध्ये माणसं नाही मेंढ्या आहेत, आणि मेंढ्या तिकीट काढत नाहीत, हे इतिहासवाल्यांनी म्हणायच्या आत मीच म्हणतो.

इतिहासवाला:
म्हणणारच होतो. सरकारने बसचं भाडं जास्तीत जास्त २ पाउंडांवर आणलं, मग ३ केलं, पण जिथे बसच नाही तिथे भाडं १० पेन्स केलं तरी काय फरक पडतो.

खवचट_काका:
धागा इंग्लंडातल्या म्हाताऱ्याचा, भांडण एसटीचं, पेन्शन कोथरूडची. वा.

सरोज_लेम्स्टर:
काका, खरं तर बसचाच आहे हा धागा. त्यांची अर्धी तक्रार बसचीच असते, कुकू आणि पब लोकांना वाचायला आवडतात म्हणून मी वर घेतले. पब बंद झाला तेव्हा त्यांना बिअरचं दुःख नव्हतं, तिथून कोणीतरी घरी सोडायचं ते बंद झालं.

सध्या गावाची स्वतःची मिनीबस आहे, चर्चच्या हॉलवाल्यांनी वर्गणीतून चालवलेली. ड्रायव्हर सगळे स्वयंसेवक आणि सगळे सत्तरीचे. कारण १९९७ च्या आधी ज्यांनी कारची टेस्ट पास केली त्यांच्या लायसन्सवर मिनीबस आपोआप आहे, नंतरच्यांच्या नाही. नंतरच्यांना सवलत आहे पण वजनाची मर्यादा आहे, आमची गाडी त्यात बसत नाही. सत्तरीनंतर जुन्यांनाही ती ठेवायची तर मेडिकल द्यावी लागते. दोन ड्रायव्हर त्यातच गळाले. मला स्वतःला चालवायची आहे तर वेगळी टेस्ट द्यावी लागेल, तिचा खर्च कोण करणार यावर पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, तिसरी मीटिंग चाललीये.

आता तुम्ही तरुण, शिकलेले, कायदे पाठ असलेले वूस्टरकर, पाऊण-एक तासावर राहता. शुक्रवारी येता का?

वूस्टरकर:
ताई माझी टेस्ट २००९ ची आहे. आणि शुक्रवारी ऑफिस असतं.

सरोज_लेम्स्टर:
वाटलंच. हेजेस उपटणाऱ्यांनापण त्या दिवशी कामच होतं.

वूस्टरकर:
बरं. टेस्टच्या खर्चात माझे ५० पाउंड धरा. आजोबांचं इतिहासावरचं मत मला तरी मान्य नाही, हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहा.

निवृत्त_डॉक्टर_कोथरूड:
माझं लायसन्स १९७५ चं. मिनीबससकट. मेडिकलही पास होईन. पण मी कोथरूडला आहे आणि विमानाचं तिकीट गोठलेल्या पेन्शनमध्ये बसत नाही.

खवचट_काका:
आणली परत.