मुलीचा सॉकर क्लब कंपनीने विकत घेतला, नव्या करारावर सही करावी का?

शाहूनगरीची_लेक (सेंट्रल न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथल्या कुणाच्या मुलांच्या क्लबचं असं झालं असेल तर कृपया सांगा. मला याच आठवड्यात उत्तर द्यायचंय.

माझी लेक अकरा वर्षांची आहे, लेफ्ट बॅक खेळते. पहिलीपासून एकाच क्लबात आहे. क्लब नॉन-प्रॉफिट, गावातल्याच पालकांनी उभा केलेला. शनिवारी पहाटे मैदानावर पांढऱ्या रेषा मारायच्या, गोलची जाळी बांधायची, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसायचं, हे सगळं आम्हीच करत आलो. ज्यांना फी जड जायची त्यांच्यासाठी वेगळा निधी होता आणि तो कुणाला मिळतो हे कधी बाहेर कळत नसे.

जानेवारीत ईमेल आली की क्लब आता ‘मोठ्या परिवाराचा भाग’ झाला आहे. हा परिवार म्हणजे वेगवेगळ्या राज्यांतले क्लब विकत घेणारी एक कंपनी, आणि तिच्यामागे प्रायव्हेट इक्विटी फंड, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्याने विकणारे गुंतवणूकदार. परवा ट्रायआउटनंतर (संघाच्या निवड चाचणीनंतर) ऑफर आली. फी २,४०० डॉलरवरून ३,६५०, प्रॅक्टिसचे तास तेवढेच. मागच्या वर्षी घेतलेला किट चालणार नाही, नवा ४२० डॉलरचा. सामन्यांचे व्हिडिओ बघायला महिन्याची वर्गणी वेगळी. बाहेरगावच्या स्पर्धांना हॉटेल त्यांच्याच लिंकवरून घ्यायचं. बाल्टिमोरला माझी चुलत नणंद राहते, मैदानापासून दहा मिनिटांवर. तिच्याकडे उतरलो तरी टीमच्या कोट्यातली खोली घ्यावीच लागेल म्हणतात.

मला खरी भीती कराराच्या शेवटच्या पानाची आहे. सही केली की वर्षाची पूर्ण फी देणं बंधनकारक. मुलीला दुखापत झाली किंवा गाव सोडावं लागलं तरी परतावा नाही. आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत आणि नवऱ्याच्या ऑफिसात कपात चालू आहे. नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात, त्यात दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा, आणि वर क्लबचे हप्ते भरत राहायचे? उत्तराला मुदत ४८ तासांची होती, ती मी रडूनओरडून आठवड्यावर आणली.

आणि आमच्या गोलकीपरचं काय? तिची आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. आतापर्यंत तिची निम्मी फी निधीतून जायची. नव्या ऑफरमध्ये निधीचा शब्दही नाही. ती येणार नाही हे माझ्या लेकीला अजून सांगितलेलं नाही.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे फुटबॉलचे सामने शाहू स्टेडियमवर बघत वाढले. तालमीचा संघ सगळ्या पेठेचा असतो. तो कुणी उठून विकेल हे तिथे मनातही येत नाही. इथे आमचा क्लब कुणी, कुणाला विचारून विकला? पैसे कुठे गेले? आणि सही करू की नको?

आकडेमोड (एडिसन)

ताई, मी सीपीए (इथला सीए) आहे, नॉन-प्रॉफिट संस्थांची कामं करतो. तुमचे पहिले दोन प्रश्न अगदी योग्य आहेत आणि ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

क्लब ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, असेल तर त्याची मालमत्ता कुणा संचालकाची नसते. विक्रीचे पैसे संचालकांच्या खिशात जाऊ शकत नाहीत, ते सार्वजनिक कामातच राहायला हवेत. अशी संस्था दरवर्षी आयआरएसकडे (कर खात्याकडे) फॉर्म ९९० हे हिशेबाचं विवरणपत्र भरते. मागच्या तीन वर्षांचे फॉर्म मागणाऱ्याला दाखवणं तिला बंधनकारक आहे, आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर क्लबचं नाव टाकलंत तर बहुधा घरबसल्या मिळतील. मोठी मालमत्ता विकली असेल तर त्यासोबत शेड्यूल एन हे त्या विक्रीच्या तपशिलाचं परिशिष्ट जोडावं लागतं. विक्री याच वर्षीची असेल तर ते यायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच बोर्डाला लेखी पत्र लिहा: काय विकलं, कितीला विकलं, मदतनिधीत किती शिल्लक होती आणि ती आता कुणाच्या ताब्यात आहे. बायलॉजही (संस्थेची नियमावली) मागा, सभासदांचं मतदान लागत होतं का ते त्यात असेल. आणि हे सगळं उघडं आहे तोवर मिळवा. खासगी कंपनीला फॉर्म ९९० नसतो, यापुढचा हिशेब तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

आता कंपनीचं गणित. फंड साधारण तीन ते सात वर्षांत गुंतवणूक विकून बाहेर पडतो. विकत घेताना बऱ्याचदा कर्ज काढलेलं असतं आणि ते विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. लहान क्लब एकेक करून स्वस्तात घ्यायचे, एकत्र बांधायचे आणि तयार झालेली मोठी कंपनी चढ्या भावाने पुढच्याला द्यायची. तेवढ्या काळात नफा वाढलेला दिसला पाहिजे. गावात मुलं तेवढीच, मैदानं तेवढीच. मग वाढ येणार कुठून? प्रत्येक घराकडून थोडं थोडं जास्त घेऊनच. म्हणून फीपेक्षा किट, व्हिडिओ आणि हॉटेलकडे बघा. हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे बुकिंग करणाऱ्याला कमिशन मिळतं, तुमच्या नणंदेच्या घरामागे मिळत नाही.

हे फक्त सॉकरमध्ये चाललेलं नाही. आपल्या न्यू जर्सी डेव्हिल्स या आइस हॉकी संघाचे मालक जॉश हॅरिस आणि डेव्हिड ब्लिट्झर यांनी २०२४ मध्ये मुलांच्या खेळांसाठी अनरायव्हल्ड स्पोर्ट्स ही कंपनी काढली. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०२४ मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर घरटी सरासरी १,०१६ डॉलर खर्च निघाला, २०१९ पेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त. पैसा तिकडे वळणारच.

फ्रिस्कोची_आई (टेक्सास)

मी थोडं वेगळं सांगते. आमचाही क्लब असाच विकला गेला आणि सगळं वाईट झालं नाही. कोच आधी तीन ठिकाणी धावायचे, आता पूर्णवेळ पगारावर आहेत. दिव्यांची मैदानं मिळाली, ऐनवेळी प्रॅक्टिस रद्द होणं थांबलं. आधीचं बोर्ड दमलेलं होतं, कुणी पुढे यायला तयार नव्हतं. माझा मुलगा खूश आहे.

पण परताव्याचं कलम मी बदलून घेतलं होतं. वैद्यकीय कारण आणि ५० मैलांपलीकडे स्थलांतर, दोन्हींसाठी उरलेले हप्ते माफ. मागितलं म्हणून मिळालं. तुम्हीही मागा. आणि तोंडी आश्वासन घेऊ नका, करारातच लिहून घ्या.

मोठी मुलगी चीअरलीडिंगमध्ये होती, म्हणून एक माहिती. चीअरलीडिंगच्या धंद्यातल्या व्हर्सिटी ब्रँड्स या कंपनीवर पालकांनी मक्तेदारीचा खटला भरला होता. स्पर्धा, गणवेश, कॅम्प सगळं एकाच कंपनीच्या हातात आणि स्पर्धेला आलात तर राहायचंही त्यांच्या हॉटेलात, ही तक्रार. २०२४ मध्ये ८.२५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी बेन कॅपिटल या फंडाकडून ती कंपनी केकेआर या दुसऱ्या फंडाने घेतली. एकट्या आईबापांचं कुणी ऐकत नाही, एकत्र गेले की ऐकतात.

शाहूनगरीची_लेक

फ्रिस्कोच्या ताई, कोचना नीट पगार मिळतोय याचा मलाही आनंदच आहे, आमचे कोच तर हिवाळ्यात गाडी डिलिव्हरीला चालवायचे. पण आमच्याकडे कोच तेच, मैदान तेच, आणि १,२५० डॉलर जास्त. तो पैसा मैदानात दिसत नाही. आणि गोलकीपरच्या आईने कुठलं कलम बदलून मागायचं? तिच्यासाठी पहिला हप्ताच भारी आहे.

रविवारचा_रेफ्री (मर्सर काउंटी)

मी इथे लहान मुलांचे सामने सांभाळतो, आधी कोच होतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, मैदान. तुमचा क्लब ज्या मैदानावर खेळतो ते बहुतेक टाउनशिपचं (गावच्या नगरपालिकेचं) असेल. म्हणजे परमिट टाउनशिप देते, आणि बऱ्याच ठिकाणी गावच्या नॉन-प्रॉफिटला दर कमी आणि धंदेवाल्याला जास्त असतो. विक्रीनंतर परमिट कुणाच्या नावावर आहे? जुन्याच दरात नवी कंपनी खेळवत असेल तर तो तुमच्याच करातला पैसा आहे. न्यू जर्सीत ओप्रा या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली टाउनशिप क्लार्ककडे अर्ज करा, सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग रिक्रिएशन कमिटीच्या बैठकीत जाऊन बोला. मदतनिधी ठेवला तरच मैदान, अशी अट टाउनशिप घालू शकते. पालकांच्या हातातली सगळ्यात बळकट दोरी हीच.

दुसरं, मुलीबद्दल. येत्या एक-दोन वर्षांत ती नऊ-नऊच्या खेळातून अकरा-अकराच्या खेळात जाईल. या वयात तिला चेंडू पायात हवा, मैदान हवं आणि मैत्रिणी हव्यात. ‘आत्ता ही टीम सोडली तर कॉलेजचे दरवाजे बंद’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतली, म्हणजे डिव्हिजन थ्रीची कॉलेजं तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. एवायएसओ ही मुलांच्या सॉकरची संस्था १९६४ पासून आहे, ती प्रत्येक मुलाला खेळवते. नॉर्वेत तर तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच ठेवत नाहीत आणि तरीही तिथून हालांडसारखे खेळाडू येतात. शेजारच्या गावचा पालकांचा क्लब अजून पालकांचाच असेल तर गोलकीपरला आणि तुमच्या लेकीला एकत्रच तिथे ट्रायआउटला घेऊन जा.

शाहूनगरीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टीममधली नऊ कुटुंबं झूमवर जमलो. अजून कुणी सही केलेली नाही आणि एकत्र उत्तर द्यायचं ठरलंय. पत्रात तीन मागण्या आहेत: दुखापत आणि स्थलांतराला परतावा, नातेवाइकांकडे राहायची मुभा, आणि मदतनिधी आधी होता तेवढाच. शेजारच्या गावच्या क्लबलाही फोन केला, त्यांच्याकडे पाच जागा आहेत. गोलकीपरच्या आईला मी स्वतः भेटून आले, ती यायला तयार आहे.

बोर्डाच्या पत्राचा मसुदा आज लिहिते. आकडेमोड, पाठवण्याआधी एकदा नजर टाकाल का? आणि ओप्राचा अर्ज कुणी आधी केला असेल तर परमिट मागताना नेमकं काय लिहिलं ते इथे टाका.