क्यूबाला पाठिंबा म्हणजे नेमका कोणाला?

सह्यवाट:
2024 च्या ऑक्टोबरात मातान्सासचं अंतोनियो गितेरास वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खा क्यूबा अंधारात गेला. त्याच महिनाअखेरीला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘अमेरिकेने क्यूबावरचे व्यापारी निर्बंध उठवावेत’ या ठरावाला 187 देशांनी पाठिंबा दिला. विरोधात दोनच, अमेरिका आणि इस्रायल. 1992 पासून असे ठराव होताहेत, भारतही बाजूने मत देतो, आणि 1962 चे निर्बंध आहेत तिथेच आहेत. नुसत्या मतांनी कोणाची चूल पेटत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1992 मध्ये, माकपचे नेते हरकिशनसिंग सुरजीत यांनी पुढाकार घेऊन भारतातून 10 हजार टन गहू जहाजाने क्यूबाला धाडला होता. आज तसं काही का होऊ नये?

रोखठोक:
तळमळ पोचली, पण निम्मीच गोष्ट सांगितलीत. 2000 सालच्या कायद्याने अमेरिकेतून क्यूबाला धान्य, मांस विकता येतं. तिथे खाल्ली जाणारी कोंबडी बरीचशी अमेरिकेतूनच येते. शेती बुडाली ती सरकारी कारभारामुळे. 11 जुलै 2021 ला लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, शेकडो जण तुरुंगात गेले. त्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढली? आणि निर्बंध सरसकट वाईट कसे? वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार 1946 मध्ये सगळ्यांच्या आधी आपणच तोडला.

सह्यवाट:
दक्षिण आफ्रिकेत बहिष्कार टाका असं वंशभेदाविरुद्ध लढणारी तिथलीच आफ्रिकन नॅशनल काँग्रेस स्वतः सांगत होती. क्यूबात सरकारवर सडकून टीका करणाऱ्या पत्रकार योआनी सांचेस यांचाही निर्बंधांना विरोध आहे. का, तर सरकारला प्रत्येक अपयशावर आयती सबब मिळते. कोंबडी मिळते हे खरं, पण आगाऊ रोख मोजली तरच, उधारी नाही. आणि क्यूबाच्या बंदराला व्यापारासाठी लागलेल्या जहाजाला पुढे 180 दिवस अमेरिकेत माल उतरवता येत नाही. मग कुठला जहाजवाला फुकाफुकी तिकडे वळेल?

औषधवाली:
मी औषध निर्यातीत आहे, म्हणून राहवलं नाही. क्यूबाने कोविडवर आब्दाला आणि सोबेराना या लशी स्वतः तयार केल्या. लस तयार, पण टोचायला सिरिंजा पुरेनात! 2021 मध्ये देशोदेशीच्या लोकांनी, अमेरिकेतल्यासुद्धा, वर्गणी काढून सिरिंजा पाठवल्या. औषधांना कागदोपत्री सूट असते हो. पण क्यूबाचं नाव अमेरिकेच्या दहशतवाद-समर्थक देशांच्या यादीत आहे, त्यामुळे बँका हात लावायला कचरतात. आमची एक साधी चौकशी बँकेच्या टेबलावर पाच आठवडे पडून होती. शेवटी उत्तर आलं, ‘जोखीम घेता येणार नाही.’ कायदा मोडला नव्हता, कुठल्या सरकारने नाही म्हटलंही नव्हतं, तरी खोकी गोदामातच राहिली.

रोखठोक:
ताई, हे मला ठाऊक नव्हतं. सिरिंजांसाठी कधी वर्गणी काढलीत तर माझे पैसे धरा. पण वर्गणीच्या पत्रकावर ‘क्रांती झिंदाबाद’ असेल तर माझी सही नाही. तुरुंगातल्यांना सोडा, अशी एक ओळ त्यात हवीच.

सह्यवाट:
ओळ घालू. मसुदा तुम्हीच लिहा.

रोखठोक:
रविवारपर्यंत देतो. ‘निर्बंध उठवा’ ही ओळ मात्र मी आधी घालणार नाही. त्यावर अजून भांडायचंय.