पितळी तोफेचं मॉडेल, मदत हवी आहे
राजेहो, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतल्यासारखी तोफ दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायची म्हणून ४० एमएमच्या पितळी रॉडची नळी लेथवर काढून आणली, खूप देखणी झाली हो, पण गाड्यावर ठेवली की तोंडाकडं झुकते, मागचा भाग जड पाहिजे ना? नळी ज्यावर गाड्यात टेकते ते बाजूचे दोन कान अजून थोडे पुढे घेऊ का? आणि ते चांदीच्या झाळणानं बसवू की आटे पाडून?
बत्तीचं भोक मी पाडलंच नाही, उडवायची नाहीच आहे, बारूद घरी बनवायला कायद्यानं मनाई आहे आणि नळी फुटली तर हातच जाईल. नागपूरच्या इतवारी बाजारात सागवानाची चाकं कोण करून देते, माहीत असेल तर सांगा ना भाऊ.