शेतात विमान उतरवलंय का कुणी?

परवा इंदूरच्या सुदामा नगरात आम्ही जुने फ्लाइंगवाले जमलो आणि हाच विषय रात्रीपर्यंत पुरला. इंजिन बंद पडून उतरावं लागलं तर ते फोर्स्ड लँडिंग, त्यात निवड नसते. मी विचारतोय ते प्रिकॉशनरीबद्दल: इंजिन चालू असतं, पण पुढे जाणं बरं नाही असं वाटून आपणहून शेत निवडायचं. सुरुवात मीच करतो.

सोलो, म्हणजे विमानात एकटाच, छोटं सेस्ना 152, भोपाळहून इंदूरला परत. ऑक्टोबर, आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला. देवासच्या अलीकडे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, उतरू लागला. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवायला गरम हवा सोडणारी कळ, ओढली तर इंजिन आणखीच खडखडलं, म्हणून घाबरून परत आत ढकलली. वितळलेलं पाणी इंजिनात जाताना ते खडखडतंच, तेवढा वेळ दम धरायचा असतो. परीक्षेत लिहिलं होतं हो, पण हात ऐकेना.

सोयाबीन काढलेलं एक सपाट शेत दिसलं. अल्टीमीटर 2350, म्हणजे जमिनीपासून जेमतेम पाचशे फूट, कारण अल्टीमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि इंदूर मुळातच सुमारे 1850 फुटांवर. पहिल्या फेरीत शेत बघितलं, दुसऱ्या फेरीत विजेचे खांब. तारा दिसत नाहीत, खांबांवरून ओळखायच्या. दारांच्या कड्या आधीच सोडल्या, ते मात्र बरोबर केलं. चाकं टेकली, छान वाटलं, आणि नाकाचं चाक काळ्या मातीत रुतलं. वरून सुकलेली, आत लोणी. विमान पुढच्या पुढे उलटं.

पट्ट्याला उलटा लटकलो होतो. छताला हात न टेकता बकल सोडलं आणि डोक्यावर आपटलो. मान आजही थंडीत बोलते. बाहेर पंखातून पेट्रोल ठिबकत होतं. एक म्हातारे धावत आले, "और कोई है अंदर?" नाही म्हटल्यावर त्यांनी आधी हातातली बिडी लांब फेकली.

हँगरवाले काका: बर्फाची केस आमच्यासाठी वैताग. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांहून जास्त उतरू शकतं, त्यामुळे चोवीस-पंचवीस अंशांतही बर्फ धरतो. आम्ही पोहोचेपर्यंत पुरावा पाणी होऊन गेलेला! इंजिन टेस्टला लावलं की गुणी मुलासारखं चालतं, मग सगळे पोराकडे बघतात.

वैमानिक नव्हे, पत्नी: ह्यांनी मला अपघात झाल्याचं चार दिवसांनी सांगितलं. ह्यावर वेगळा धागा काढा.

रामबागवाला: मी उतरलो नव्हतो. खाली धारची पट्टी होती, पुढे ढग बसत चाललेले, पण आमचा इन्स्ट्रक्टर आठवडाभर टर उडवेल म्हणून इंदूरपर्यंत रेटलं. पोहोचलो. लोकांनी कौतुक केलं, तेच वाईट झालं. पुढच्या वेळीही तसंच केलं.

रामबागवाले भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. शेतात उलटलेल्याची चौकशी होते, रेटून पोहोचलेल्याला चहा मिळतो. माझ्या संस्थेतही मला पहिला प्रश्न "विमान का मोडलंस" हाच होता. आधी का उतरला नाहीस, हे कुणी विचारलंच नाही. आरपीएम शंभरने उतरला तेव्हाच देवासच्या अलीकडची चांगली पडीक जमीन माझ्या पायाखाली होती.

हातोदकडची शेतकरीण: आमच्या गव्हात एकदा उतरलं होतं. विमानानं दोन पट्टे मोडले, बघ्यांनी अर्धा बिघा तुडवला. परवानगीशिवाय हलवायचं नाही म्हणून दोन दिवस ते तिथंच, आणि गावातली पोरं फोटोला. उतरवणारा मुलगा माझ्या नातवाएवढा. पाणी दिलं तर आधी विचारलं, "आजी, रेंज कुठे मिळेल?" मग बांधावर चढून फोन केला. पाय लटपटत होते, पण "सर" म्हणताना सरळ उभा राहिला.