सध्या पिशवीत कोणतं पुस्तक आहे? विज्ञानकथा आणि चित्रकथा वाचणाऱ्यांनी सांगा

दादर (धागा काढणारी)

जयंत नारळीकर गेले, २० मे २०२५ ला, त्या रात्री झोप येईना म्हणून त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा पुन्हा वाचायला घेतली. शाळेत असताना वाचली होती तेव्हा विश्वासरावांना चाटून गेलेली गोळी, जिंकलेले मराठे आणि त्यामुळे वेगळा घडलेला हिंदुस्थान, एवढंच डोक्यात राहिलं होतं. या वेळी डोक्यात राहिली ती मुंबई. गंगाधरपंत पुण्याहून गाडीने येतात, बोरीबंदरला उतरतात, आणि शहर ओळखीचं असूनही त्यांचं नसतं. कंपनीचं राज्य इथे अजून चालूच आहे. मुलाच्या ऑफिसात चौकशी करतात तर त्या नावाचं कोणी तिथे नाही. मग ते टाउन हॉलच्या वाचनालयात जातात, इतिहासाची पुस्तकं मागवतात आणि फाटा नेमका कुठे फुटला ते शोधत बसतात.

पुढच्या शनिवारी मी सीएसएमटीहून चालत टाउन हॉलला गेले आणि त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. आपलं घरदार, पोरगा, सगळं जग नाहीसं झालेलं असताना हा माणूस आधी वाचनालय गाठतो. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

तेव्हापासून पुन्हा सवय लागली आहे. पिशवीत डबा, छत्री आणि एक विज्ञानकथा. म्हणून विचारते, तुम्ही सध्या काय वाचताय? नुसतं नाव नको. ते तुमच्या हातात कसं आलं, कुठे बसून वाचता, तेही लिहा. शेवट मात्र कोणी फोडू नका.

---

चुनाभट्टी

मी बहात्तर वर्षांचा. मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या वाटेवरचाच.

१९७४ च्या परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. तो जगताप म्हणजे नारळीकर, हे नंतर कळलं. ज. वि. ना. ही अक्षरं उलटी फिरवून ना. वि. ज. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतलेली. केंब्रिजला नाव कमावून आलेला माणूस, आपल्या नावाला बक्षीस मिळू नये म्हणून एवढी काळजी घेतो! मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. पुढे मीही दोनदा कथा पाठवली. नंबर आला नाही, पण त्यासाठी जे वाचावं लागलं ते आजपर्यंत पुरलं आहे.

सध्या सुबोध जावडेकरांचा ‘गुगली’ हा संग्रह पुन्हा वाचतो आहे. ते शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, पण त्यांचं लक्ष यंत्रापेक्षा ते यंत्र ज्या घरात शिरतं त्या घराकडे जास्त असतं. नवरा-बायकोचं, बाप-लेकाचं त्या शोधामुळे काय होतं, तिथे ते थांबतात. वय वाढलं तसं मला हे अधिकाधिक पटत गेलं. सकाळी दूध आणायला जातो तेव्हा एक कथा, बाकावर बसून. एकच. दोन वाचल्या तर पहिली मनात मुरत नाही.

---

बोरिवली

ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’, फोनवर, ८.१२ च्या लेडीज डब्यात.

कादंबरी १९९३ ची. गोष्ट मात्र सुरू होते २०२४ च्या जुलैमध्ये, कॅलिफोर्नियात. पंधरा वर्षांची लॉरेन रोजनिशी लिहिते आहे. तिची वस्ती भिंतीच्या आत आहे, बाहेर भूक आणि आगी. समोरच्याच्या अंगाला झालेली वेदना लॉरेनच्या अंगात उमटते, असा तिला आजार आहे.

मी हे वाचते कसं ते सांगते. एक हात वर कडीला, एका हातात फोन, पाठीला कोणाची तरी बॅग, पायावर कोणाचा तरी पाय. अंधेरीला दारातून एकदम रेटा येतो तेव्हा चौघींच्या तोंडून एकदमच ‘आई गं’ निघतं. त्या क्षणी लॉरेनचा आजार काय असेल ते मला कोणी समजावून सांगायला नको असतं.

आणि पाणी. त्या पुस्तकात पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालेलं आहे. मेमध्ये आमच्या सोसायटीत टँकर यायचा. कोणत्या विंगला आधी, यावरून दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे. तीस वर्षांपूर्वी, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून, त्या बाईने हे कसं लिहिलं असेल? रोज एक-दोन पानंच होतात. पुस्तक कठीण नाही, मीच मधे थांबून खिडकीबाहेर बघत राहते.

---

गिरगाव

इंद्रजाल कॉमिक्स. मराठीतले. माझ्या वडिलांनी बाइंड करून ठेवलेले सात गठ्ठे आहेत, पाठीवर सुताची शिवण आणि आत त्यांच्या अक्षरात अनुक्रमणिका.

वडील छापखान्यात कंपोझिटर होते. टाइम्सने मार्च १९६४ मध्ये हे कॉमिक्स काढायला सुरुवात केली, तेव्हा ते लग्नाचेही झाले नव्हते. महिन्याच्या खर्चाच्या वहीत ‘वेताळ’ अशी स्वतंत्र ओळ असायची. आईला पहिल्यांदा ती वही सापडली तेव्हा हा वेताळ कोण आणि त्याला दर महिन्याला पैसे का जातात, असा प्रश्न तिला पडला होता. १९९० मध्ये कॉमिक्स बंद झाले. नंतर बाबा राहिलेले अंक शोधायला हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर आणि किंग्ज सर्कलला जात. मला बरोबर न्यायचे. पुस्तकवाल्याला काय हवं ते सरळ सांगायचं नाही, आधी दोन नको असलेली पुस्तकं चाळायची, हे मी तिथे शिकलो.

आता माझी अकरा वर्षांची मुलगी आणि मी ते गठ्ठे ओळीने वाचतो आहोत. रात्री जेवणानंतर, गॅलरीत. ली फॉकने जादूगार मँड्रेक १९३४ मध्ये आणि जंगलात राहणारा मुखवट्यातला गोरा नायक फँटम १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी निर्माण केला. इंद्रजालने आपल्याकडे फँटमचा वेताळ केला आणि त्याच्या देशाचं मूळ नाव बदलून डेंकाली ठेवलं. मला लहानपणी ते सगळं सह्याद्रीतच कुठेतरी घडतं असं वाटायचं. मुलीने तिसऱ्याच दिवशी विचारलं, “बाबा, एवढ्या मोठ्या जंगलात एवढी माणसं राहतात, मग त्यांना वाचवायला गोराच का लागतो?” चाळीस वर्षं मी हे वाचतोय, मला हा प्रश्न पडला नव्हता. तिला म्हटलं, तू बरोबर विचारलंस, आणि आपण हे वाचणं सोडायचं नाही, पण विचारतही राहायचं.

मग मी बहादूरचा गठ्ठा काढला. आबिद सुरतींनी तो १९७६ मध्ये इंद्रजालसाठी लिहायला घेतला. केशरी कुडता, जीन्स, आणि बाप डाकू. बापाच्या वाटेने न जाता तो गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. ब्रह्मानियांची चित्रं बघताना मुलगी गप्प झाली. त्यात विहिरी आहेत, धूळ आहे, बायकांच्या डोक्यावर पदर आहे. “हे आपल्याकडचं आहे,” एवढंच म्हणाली. आता रोज बहादूरच हवा असतो.

दुसऱ्या गठ्ठ्यात दोन अंकांची जागा बाबांनी कोरी पानं घालून ठेवली आहे, मिळाले की शिवायचे म्हणून. ते गेले. पानं अजून कोरी आहेत.

---

मुलुंड

‘टिंकल’ या मुलांच्या चित्रकथांचे जुने अंक, रद्दीतून आणलेले. शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे. त्या टोपीखाली शंभूचे डोळे कधीच दिसत नाहीत, तरी तो घाबरलाय की खूश आहे हे लगेच कळतं. मी स्वतः चित्रं काढते. फक्त खांदे आणि तोंडाची रेघ यांवर भाव कसा आणायचा, ते मी सध्या त्या पानांवरून शिकते आहे.

---

विक्रोळी

मी पालिकेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. अँडी विअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) वाचतोय, आणि शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना ती मराठीत तोंडी सांगतोय. नायक आमच्यासारखाच शाळामास्तर आहे, हे ऐकून वर्ग एकदम सरसावून बसला. सूर्याचं तेज कमी होत चाललंय, कारण सूक्ष्मजीव त्याची ऊर्जा खाताहेत, आणि हा माणूस दूर अंतराळयानात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

पुढे त्याला दुसऱ्या ताऱ्याकडचा एक जीव भेटतो, रॉकी. त्याला डोळे नाहीत. तो आवाजाने बघतो आणि सुरांत बोलतो. मी वर्गात सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, बाकावर पट्टी वाजवली, फळ्यावर वाजवली, भिंतीवर वाजवली. कुठलं काय ते ओळखा. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर बोलली नव्हती, तिने सगळं अचूक सांगितलं. प्रतिध्वनीचा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

त्यांनी विचारलं, सूर्य थंड झाला तर आपल्या मुंबईचं काय? मग त्यांच्यासाठी नारळीकरांची ‘हिमप्रलय’ घेऊन गेलो. त्यात मुंबईत बर्फ पडतो. ज्यांनी फ्रिजच्या खणापलीकडे बर्फ पाहिलेला नाही, त्या मुलांनी विक्रोळी स्टेशनवर बर्फ पडल्याची चित्रं काढून आणली. एका चित्रात लोकल अडकली आहे आणि लोक रुळांवरून चालत निघाले आहेत. २६ जुलै २००५ चा पूर यांनी पाहिलेला नाही, घरी ऐकलेला असणार.

---

लालबाग

वर बोरिवलीच्या ताई आणि विक्रोळीचे सर यांनी मोठी पुस्तकं सांगितलीत. मी मांगा वाचतो, म्हणजे जपानी चित्रकथा. नाओकी उरासावा यांचा ‘प्लूटो’. आठ भाग आहेत. आम्ही चौघा मित्रांनी दोन-दोन विकत घेतले आणि फिरवतो.

ओसामु तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधली एक जुनी गोष्ट घेऊन उरासावांनी २००३ ते २००९ या काळात ती मोठ्यांसाठी नव्याने मांडली. जगातले सगळ्यात ताकदवान रोबो एकेक करून मारले जाताहेत आणि तपास करणारा गेझिश्ट हाही रोबोच.

पहिल्याच भागात एक रोबो आहे, युद्धासाठी बनवलेला. युद्ध संपल्यावर तो एका आंधळ्या संगीतकाराकडे नोकर म्हणून येतो. त्याला पियानो शिकायचाय. म्हातारा त्याला हाकलतो, यंत्राला काय संगीत कळणार म्हणून. मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. वरातीत, मिरवणुकीत. आमच्याकडेही लोक असंच बघतात, हे कसलं संगीत, नुसता गोंगाट. पण मी रात्री हेडफोन लावून दोन-दोन तास सराव करतो. ते प्रकरण मी गणेश टॉकीजच्या बसस्टॉपवर वाचून संपवलं आणि दोन बस सोडल्या.

पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. आजीने बघितलं तर म्हणाली, शेवटापासून का वाचतोस? तिला पहिलं पान दाखवलं. मग तिने चष्मा आणायला लावला, आणि आता मी भाषांतर करून सांगतो, ती चित्रं बघते.

---

परळ

रात्रपाळीची नर्स आहे, मोठं पुस्तक पेलत नाही. बेगम रुकैयांची ‘सुलतानाज ड्रीम’, १९०५ ची, पाऊण तासात होते. त्यात बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून फिरतात, आणि पुरुष घरात पडद्याआड. पहाटे तीनला वॉर्ड शांत होता तेव्हा वाचली. पाच वाजता दुसऱ्या सिस्टरला वाचून दाखवली. तिने तिच्या बहिणीला पाठवली.

---

कुर्ला

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने मागच्या वर्षी जुनी मराठी पुस्तकं रद्दीत काढली. जागा नाही, कोणी नेत नाही, असं कारण. मला कळलं तोवर गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढले होते. मी तिथेच उकिडवा बसून निवडलं. नारायण धारपांची ‘नेनचिम’ मिळाली. धारप म्हटलं की लोकांना भुतंच आठवतात, पण ही विज्ञानकथा आहे. भा. रा. भागवतांची ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मिळाली. बाकीचं काय काय गेलं, त्याचा विचार आला की अजून पोटात कालवतं. कोणी नेत नाही हे खरं नव्हतं. आतल्या कार्डावर शिक्के आहेत, शेवटचा शिक्का फार जुना नाही.

सध्या ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’च वाचतोय. ज्यूल व्हर्नची मूळ कादंबरी १८७७ ची. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. तो पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. दिवस लहान होतात, सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि नायकाला आधी कळतच नाही की आपण पृथ्वीवर नाही. भागवतांचं मराठी असं धावतं की हे मुळात दुसऱ्या कुठल्या भाषेत होतं हे विसरायला होतं.

अडचण अशी की मधली आठ पानं गळाली आहेत. माणसं आता कुठे हिशेब मांडायला लागली होती आणि एकदम कडाक्याच्या थंडीत गेली. कोणाकडे जुनी प्रत असेल तर कृपा करून त्या पानांचे फोटो मिळतील का? पान ६५ ते ७२.

---

चुनाभट्टी

आहे माझ्याकडे. माळ्यावर आहे, नातू संध्याकाळी आला की काढायला लावतो. आवृत्ती वेगळी असली तर पानांचे आकडे जुळणार नाहीत, म्हणून तुमच्या ६४ व्या पानाची शेवटची ओळ लिहून ठेवा.

गिरगावकर, तुमच्या दोन कोऱ्या जागा कोणत्या अंकांच्या, तेही लिहा.